शब्दचर्चा: इंग्लंडच्या मृत्युपत्रातल्या 'लेगसी'चे प्रकार मराठीत कसे लिहावेत?

भाषांतरकार
इंग्लंडमध्ये केलेल्या मृत्युपत्राचा मराठी अनुवाद करायचा आहे. वाचणारे वारस पुण्यात आहेत. 'डिव्हाइज'ला 'स्थावराचे दान' आणि 'लेगसी'ला 'जंगमाचे दान' म्हटले तर चालेल का? दानाच्या स्पेसिफिक, जनरल, डिमॉन्स्ट्रेटिव्ह आणि रेसिड्युअरी या प्रकारांना विशिष्ट, सर्वसाधारण, निदर्शक आणि अवशिष्ट असे शब्द सापडले.

दस्तलेखक
स्थावर-जंगम ही जोडी इथे अजिबात नको. डिव्हाइज म्हणजे 'रिअल प्रॉपर्टी'चे (कायम मालकीच्या जमीन-घराचे) दान, आणि लीजवरचा फ्लॅट त्या कायद्यात 'पर्सनल प्रॉपर्टी'त धरतात. लंडनमधले बहुतेक फ्लॅट लीजवरचेच असतात. आपल्याला चक्क स्थावर दिसणारी मिळकत तिथे लेगसीत जाते. दोन्हींना 'मृत्युपत्रान्वये दान' म्हणा आणि पुढे मिळकतीचे वर्णन नीट द्या. हल्ली तिकडचे वकीलही दोन्हींसाठी 'गिफ्ट' लिहितात.

'विशिष्ट' आणि 'सर्वसाधारण' ठीक आहेत, पण अनुवादात 'माझे' गाळू नका. मराठीत तो शब्द सहज गळतो आणि दानाचा प्रकारच बदलतो. 'माझे अमुक कंपनीचे ५०० शेअर' हे विशिष्ट दान. शेअर हयातीतच विकले गेले असतील तर दान संपले; विक्रीचे पैसेही त्या माणसाला मिळत नाहीत. नुसते 'अमुक कंपनीचे ५०० शेअर' असेल तर ते सहसा सर्वसाधारण दान ठरते: शेअर शिल्लक नसले तरी एक्झिक्युटरने (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याने) ते बाजारातून घेऊन द्यायचे किंवा तेवढी किंमत द्यायची.

विशिष्ट दान असे संपण्याला 'अडेम्प्शन' म्हणतात. 'रद्द होणे' लिहू नका, कारण रद्द करायला करणारा लागतो. 'दानाचा लोप' बरे. घराबाबत हे फार होते: मृत्युपत्रात जुन्या घराचा पत्ता असतो, पुढे ते विकून दुसरे घेतलेले असते. म्हणून मसुद्यात 'मृत्यूसमयी माझे मुख्य राहते घर जे असेल ते' असे घालतात.

भाषांतरकार
आणि 'निदर्शक'? वाचून काहीच बोध होत नाही.

हिशेबनीस
'निधी-निर्देशित' म्हणा. उदाहरण: 'माझ्या अमुक बचत खात्यातून पुतण्याला ५,००० पौंड'. खात्यात ३,००० च निघाले तर ते ३,००० विशिष्ट दानासारखे मिळतात आणि उरलेले २,००० सर्वसाधारण दान म्हणून इतर मालमत्तेतून. मात्र 'खात्यात असेल ती सर्व रक्कम' हे विशिष्ट दान. खाते बंद झाले की हाती शून्य. मसुदा पक्का हवा असेल तर 'कमी पडल्यास उर्वरित मालमत्तेतून' हे शब्द स्पष्ट घालावेत, नाहीतर कोणता अर्थ धरायचा यावर वाद होतो.

मालमत्ता कमी पडल्यास दाने कमी करण्याला, म्हणजे 'अबेटमेंट'ला, 'प्रमाणशीर कपात' म्हणा. मृत्युपत्रात वेगळे काही लिहिलेले नसेल तर कर्जफेडीसाठी साधारणपणे आधी अवशिष्ट मालमत्ता (इतर दाने देऊन उरणारी) जाते, मग सर्वसाधारण दाने, विशिष्ट दाने शेवटी. २०,०००, १०,००० आणि १०,००० पौंडांची तीन सर्वसाधारण दाने आहेत आणि हाती ३०,००० च राहिले, तर वाटे १५,०००, ७,५०० आणि ७,५०० होतात. यादीत पहिले नाव असल्याचा काही फायदा नाही.

दस्तलेखक
सगळ्यात घातक अनुवाद राहिलाच: 'फ्री ऑफ टॅक्स' म्हणजे 'करमुक्त' नव्हे! वारसा कर लागू असेल तर तो भरावाच लागतो, फक्त बोजा अवशिष्ट मालमत्तेवर पडतो. 'कर अवशिष्टातून भरावा' असे लिहा. ब्रिटनमधल्या मालमत्तेच्या विशिष्ट दानाला हा नियम मृत्युपत्रात काही न लिहिताही लागू होतो. परदेशातल्या मालमत्तेचा कर मात्र ती घेणाऱ्यावर येतो.

'फ्री ऑफ मॉर्गेज'चेही तसेच: गहाणकर्ज अवशिष्टातून फेडायचे. हे शब्द नसतील तर १९२५ च्या अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ऑफ इस्टेट्स अ‍ॅक्टच्या कलम ३५ नुसार घरावरचे कर्ज घरासोबत जाते. 'माझी सर्व कर्जे अवशिष्टातून फेडावीत' एवढ्याने ते सुटत नाही. गहाणकर्जाचा वेगळा उल्लेख लागतो. मुळात तो उल्लेख नसेल तर अनुवादात आपल्या मनाने 'बोजाविरहित' घालू नका.

भाषांतरकार
'लॅप्स' म्हणजेही लोपच ना?

हिशेबनीस
नाही, वेगळा शब्द ठेवा. लोपात वस्तू जाते, लॅप्समध्ये माणूस आधी जातो. 'लाभार्थी आधी वारल्याने दान बाद' असे उलगडून लिहा. दान अवशिष्टात जमा होते. अवशिष्टातलाच वाटा बाद झाला तर तेवढ्यापुरती मृत्युपत्र नसल्यासारखी वाटणी होते. १८३७ च्या विल्स अ‍ॅक्टचे कलम ३३ वाचवते ते फक्त मृत्युपत्र करणाऱ्याच्या मुला-नातवंडांना दिलेले दान: त्यांची मागे राहिलेली मुले तो वाटा घेतात. भाचे-पुतणे त्यात नाहीत. त्यांच्या जागी त्यांच्या मुलांना द्यायचे असेल तर तसे वाक्य मृत्युपत्रातच हवे; मुळात ते आहे का, हे अनुवाद सुरू करण्याआधी पाहा.