डाउन्टन ॲबी आणि आपल्याकडचे वाडे: काय काय आठवतंय?

गोदाकाठची
काल नाशिकच्या तिवंध्याकडून येताना एक वाडा पाडताना दिसला. तुळया, चौकटी टेम्पोत भरणं चाललं होतं. घरी येऊन भांडी लावताना डोक्यात एकदम डाउन्टन ॲबी, ती इंग्लंडातल्या एका लॉर्डच्या घराची आणि त्याच्या नोकरांची मालिका. लॉकडाऊनमध्ये आम्ही सासूसुनांनी मिळून पाहिली होती. सासूबाईंना इंग्रजी फारसं येत नाही, मी मध्येमध्ये थांबवून सांगायचे. पण टायटॅनिक बुडाली, त्यात वारस गेला, घरात तीन मुली आणि इस्टेट मात्र मुलीला नाही, हे त्यांना माझ्याआधी कळलं. "मग दत्तक घ्यावा की त्याने!" झालं, त्यांच्या लेखी सहाही सीझन संपले. मी नंतर शोधलं, इंग्लंडात दत्तकाचा कायदाच १९२६ चा, आणि दत्तक मुलाला किताब मिळतच नाही.

त्यांना खरा राग होता तो लॉर्डच्या बायकोच्या, कोराच्या पैशांचा. अमेरिकेहून माहेरचं एवढं घबाड घेऊन आली बाई, तेही त्या इस्टेटीत कायमचं अडकलेलं. "आपल्याकडे स्त्रीधन तरी वेगळं मानायचे." मी म्हटलं, मानायचे हो, हातात द्यायचे का? त्यावर कितीतरी दिवस आमची जुंपलेली.

तर लिहा. मालिकेतलं काय आवडलं, काय खटकलं, आणि मोठ्या घरांच्या आठवणी. दिवाणखान्यातल्याच पाहिजेत असं नाही.

पंचवटी_लोकल
म्हातारी, लॉर्डची आई!!! बाकी कोणी नसतं तरी चाललं असतं. विजेचा दिवा लागला की पंखा आड धरते, शनिवार-रविवार वेगळा असतो हे तिच्या गावीही नाही. ते काम करणारी मॅगी स्मिथ सप्टेंबर २०२४ मध्ये गेली तेव्हा ऑफिसच्या बाथरूममध्ये रडले मी. माझी आजी डिट्टो तशी. फक्त पैसे नव्हते.

ओसरीवरून
नोकरांच्या खोल्यांकडे भिंतीवर ती घंटांची पाटी असते बघा, कुठल्या खोलीत कोणाला बोलावलंय ते कळायला. आमच्याकडे पाटीची गरज नव्हती, आजीचा आवाज होता. मागून आम्ही तिला गोदाकाठच्या देवळातली नारोशंकराची घंटा म्हणायचो.

पंचवटी_लोकल
😂😂 पूर आला की हिचाच आवाज आधी

निफाडचा_जावई
गोदाकाठची, त्या तुळया सागवानी होत्या का? कोणी घेतल्या कळलं तर सांगा, इंदिरानगरला काम चालू आहे.

मालिकेबद्दल: लॉर्डसाहेब बायकोचा सगळा पैसा कॅनडाच्या रेल्वेत घालवतात तिथे मी टीव्हीला हात जोडले. आमच्या सासुरवाडीला जमीन होती, कुळं होती, खंडाचं धान्य कोठीत यायचं. मग कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ ला कसणारा मालक. आजेसासरे शेवटपर्यंत १ एप्रिलला एप्रिलफूल म्हणायचे. आता त्याच कुळांच्या नातवांच्या द्राक्षबागा आहेत, एक्सपोर्टच्या, आणि आमचे मेहुणे त्यांच्याकडे हिशेब लिहितात. मजेत आहेत दोघंही. डाउन्टनमध्ये कूळ म्हणजे टोपी हातात घेऊन उभा राहणारा भला माणूस. त्या ड्रू कुटुंबाचं काय होतं पाहिलंत ना? एडिथची, म्हणजे लॉर्डच्या मधल्या मुलीची, पोर ड्रूबाईने आपली म्हणून वाढवली, पोर काढून घेतली, आणि शेवटी जागा सोडून जायचं कोणी? ड्रूंनीच. आणि हे सगळं गोड संगीत लावून.

सीझन_दोनवाला
एडिथला पोर???? मी सीझन २ वर आहे यार

ओसरीवरून
मालिका २०१५ ला संपली राजा

मागचं_दार
पहिल्यांदाच लिहितेय, मुलं शाळेत गेलीत तेवढ्यात.

माझी आजी एका वाड्यात स्वयंपाकाला होती. कोणाचा ते सांगत नाही, त्यांची नातवंडं इथे असू शकतील. आजोबा लवकर गेले, पदरात चार मुलं. पहाटे मागच्या दाराने आत, हौदावर अंघोळ, सोवळं नेसून चुलीपुढे. पुढची ओसरी तिने फक्त लग्नाकार्यात पाहिली, तेही वाढताना.

मालिकेतल्या स्वयंपाकीणबाईंना, मिसेस पॅटमोरला, दिसेनासं होतं आणि ती गोडावर साखरेऐवजी मीठ घालते, तो भाग सगळे हसत बघतात. मला नाही हसू आलं. आजीच्याही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. भातात खडे राहायला लागले. एकदा पाहुण्यांच्या पंगतीत कोणाच्या तरी दाताखाली आला. मालिकेत लॉर्डसाहेब पॅटमोरबाईंना लंडनला पाठवून ऑपरेशन करवतात. आजीला सांगितलं, आता घरीच आराम करा. म्हणजे उद्यापासून येऊ नका.

वाईट माणसं नव्हती. दिवाळीला फराळ यायचा. निघताना जरीचं लुगडं दिलं. ते आजी कधी नेसली नाही, घरात अडचण असताना विकलंही नाही. आई म्हणायची, द्या टाकून. आजी गप्प.

म्हणून मला तिथल्या स्वयंपाकघरातली पोरगी, डेझी, आवडते. शिकते, परीक्षा देते.

गोदाकाठची
ताई, काय लिहू सुचेना. लुगडं आहे का अजून?

मागचं_दार
आत्याकडे आहे, नाशिकरोडला. घड्यांवर विरलंय. कुकर झाला, येते नंतर.

रात्रपाळी
सिस्टर आहे, प्रसूती वॉर्ड. धाकट्या मुलीच्या, सिबिलच्या बाळंतपणाचा भाग मी बसून पाहूच शकले नाही. घोटे सुजलेत, डोकं दुखतंय, असंबद्ध बोलतेय, मी टीव्हीवर ओरडतेय, अगं बाई फिट येणार हिला! गावचा डॉक्टर क्लार्कसन बिचारा घसा कोरडा करतोय, हलवा हिला, सिझर करा. पण घरात लंडनचा मोठा डॉक्टर आलेला. आपल्याकडे "मुंबईचा डॉक्टर" म्हटलं की कसे सगळे माना डोलावतात, तसंच. एक्लॅम्पसियात, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून फिट येते त्यात, तास महत्त्वाचे असतात आणि ते तास घरातली वडीलधारी मंडळी ठरवण्यात घालवतात. अजूनही. बायांनो, गरोदरपणात बीपी तपासत जा. बेल वाजली, पळते.

सीझन_दोनवाला
सिबिल जाते?????

पंचवटी_लोकल
अरेरे. याला नव्या वारसाचं, मॅथ्यूचं नका सांगू कोणी.

सीझन_दोनवाला
मॅथ्यूचं काय

अवांतर_आजोबा
माहितीसाठी: तो वाडा म्हणजे हॅम्पशायरचा हायक्लेअर कॅसल. स्वयंपाकघर मात्र तिथलं नव्हे, लंडनच्या ईलिंग स्टुडिओतला सेट. म्हणजे नोकर तबक घेऊन निघतो ईलिंगहून आणि जेवणघरात शिरतो हॅम्पशायरमध्ये. तूतनखामेनच्या कबरीचा शोध लागला (१९२२) त्याचा खर्च करणारे लॉर्ड कार्नार्व्हन याच घरातले.

ओसरीवरून
तरीच भाजी गार दिसते जेवताना

कॉलेजरोड_काकू
पेपरला इस्त्री करतात ते पाहिलं का? शाई हाताला लागू नये म्हणून. आमच्या ह्यांनी ते पाहून माझ्याकडे असं बघितलं ना. म्हटलं, इस्त्री तिथे आहे, 'गावकरी' तिथे आहे, होऊ दे.

निफाडचा_जावई
काकू 🙏

कॉलेजरोड_काकू
चांदवडचा रंगमहाल पाहायला कोणी येतंय का? होळकरांचा वाडा, एवढा जवळ असून पाहिला नाही. आमच्या गाडीत दोन जागा आहेत.

गोदाकाठची
मी आणि सासूबाई! त्यांना गुडघ्याचं आहे, पायऱ्या किती आहेत?

पंचवटी_लोकल
थोरली मेरी की मधली एडिथ ते सांगा आधी. मी एडिथ. जन्मभर बोलणी खाल्ली आणि शेवटी मार्क्विसशी लग्न करून बापाच्याही वर गेली.

कॉलेजरोड_काकू
मेरी. कपडे.

सीझन_दोनवाला
मॅथ्यूचं गूगल केलं. तुम्हा सगळ्यांचं कल्याण होवो.