मदत हवी आहे: रीडमीतला स्वल्पविराम बदलला तरी सगळ्या टेस्ट धावतात

कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवायला गिटहब अ‍ॅक्शन्स वापरतो. आठ-दहा जण एकाच रेपोत काम करतो, काही पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंत्या) फोर्कमधूनही, म्हणजे रेपोच्या वेगळ्या प्रतींमधूनही येतात. एका कमिटवर दोन-दोन रन होत होते, कारण पुश आणि पुल रिक्वेस्ट हे दोन्ही ट्रिगर लावलेले. पुश फक्त मेन ब्रँचपुरता ठेवला, ते थांबलं. कन्करन्सी ग्रुप (एका गटात एका वेळी एकच रन चालू ठेवणारी सोय) लावून जुने रन रद्द होतात, मेनवरचे मात्र मुद्दाम पूर्ण होऊ देतो.

अडलंय ते डॉक्युमेंटेशनपाशी: रीडमीसारख्या फाइलच बदलल्या तर टेस्ट धावायला नकोत. पाथ्स-इग्नोर (फक्त ठरावीक फाइल बदलल्या तर रन टाळणारी सेटिंग) लावलं तर वर्कफ्लो, म्हणजे जॉबची अख्खी मालिका, सुरूच होत नाही आणि सक्तीचा चेक 'पेंडिंग'वर लटकतो, मर्ज अडतं. मग जॉबवर इफची अट घातली. पण टेस्ट मॅट्रिक्समध्ये आहेत, म्हणजे एकाच जॉबचे वेगवेगळ्या नावांचे अनेक जॉब बनतात. जॉब वगळला की मॅट्रिक्स उलगडतच नाही, त्यामुळे त्या नावांचे चेक येतच नाहीत.

आता टेस्टनंतर त्यांचा निकाल बघणारा एकच जॉब ठेवून तेवढाच सक्तीचा करावा म्हणतो. भीती एवढीच, की टेस्ट फेल झाल्या तर हा जॉब आपोआप वगळला जातो आणि वगळलेला जॉब पास धरला जातो! रन टाळायला कमिट मेसेजमध्ये 'स्किप सीआय' लिहिणं नको, लोक विसरतात.

टेस्ट वगळल्या तर पास, पण फेल किंवा रद्द झाल्या तर मर्ज अडेल, अशी त्या जॉबची अट नेमकी कशी लिहायची?