पहिले महागडे मनगटी घड्याळ : नवे, वापरलेले की साठ वर्षे जुने?

कोथरूडचा_किल्लीवाला

नमस्कार. वडिलांचे एचएमटी जनता गेली बारा वर्षे मी रोज सकाळी किल्ली देऊन वापरतो आहे, आणि यांत्रिक घड्याळांचे वेड तिथूनच लागले. आता स्वतःच्या कमाईतून एक चांगले स्विस घड्याळ घ्यावे म्हणून चार लाखांपर्यंतची रक्कम बाजूला ठेवली आहे. एक पर्याय म्हणजे नवे टुडॉर ब्लॅक बे फिफ्टी-एट, आणि दुसरा म्हणजे डबा व वॉरंटी कार्डासह मिळणारे, दोन वर्षे वापरलेले ओमेगा सीमास्टर डायव्हर ३००एम. मात्र कॅम्पातल्या एका विक्रेत्याने १९६० च्या दशकातले ओमेगा सीमास्टर दाखवल्यापासून मन तिकडेच ओढ घेते आहे. माझे मनगट सव्वासहा इंच आहे, आणि मी पावसाळ्यातही दुचाकीनेच हिंजवडीला जातो. यांपैकी कोणते घ्यावे, आणि 'घड्याळ ही गुंतवणूक आहे' असे मित्र सांगतात त्यात कितपत तथ्य आहे?

भिंग_आणि_चिमटा

वीस वर्षांपासून जुनी घड्याळे जमवणाऱ्या माणसाने हे लिहावे याचे आपल्याला नवल वाटेल, पण रोजच्या वापरासाठी ते साठच्या दशकातले घड्याळ घेऊ नका. झाकणावर 'वॉटरप्रूफ' कोरलेले असले तरी त्या शब्दाची हमी आतला वॉशर नवा होता तेवढ्या काळापुरतीच होती. जुलैमध्ये चांदणी चौक ओलांडेपर्यंत काचेच्या आतून वाफ धरली, की त्या ओलाव्याने आधी काट्यांवर डाग पडतात आणि मग मशीनमधल्या पोलादी भागांना गंज चढतो.

त्याहून मोठा धोका डायलचा आहे. माझ्या पहिल्या मोठ्या खरेदीत मी तिथेच फसलो. दुकानातल्या पिवळ्या उजेडात ती डायल इतकी निष्कलंक दिसत होती की मी घासाघीससुद्धा केली नाही, आणि पन्नास वर्षांच्या वस्तूचे निष्कलंक असणे हीच शंकेची खूण होती, हे घरी येऊन दहापट भिंगाखाली पाहिल्यावर कळले. तारखेच्या खिडकीच्या कडेवर रंगाचा एक बारीक ओघळ गोठलेला होता, मिनिटांच्या रेघा तासांच्या पट्ट्यांच्या मध्यावर न येता केसभर बाजूला सरकलेल्या होत्या, आणि छापील अक्षरांच्या कडा पाण्यात भिजलेल्या शाईसारख्या फुटल्या होत्या. डायल पुन्हा रंगवलेली होती. घड्याळ वेळ उत्तम दाखवत असे, पण संग्राहकाच्या दृष्टीने त्याची किंमत एका दिवसात निम्म्याच्या खाली आली. अशी नव्याने रंगवलेली घड्याळे आपल्याकडून इतकी बाहेर गेली आहेत की परदेशी संग्राहकांमध्ये त्यांना 'मुंबई स्पेशल' असे नावच पडले आहे. आपल्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारलीत, तर भडक निळ्या-केशरी डायलची फेव्हर ल्युबा आणि एचएमटी ढिगाने दिसतील. ती हौस म्हणून अवश्य घ्या, मीही घेतली आहेत, परंतु मूळ म्हणून त्यांना दाम मोजू नका.

तरीही मोह आवरत नसेल, तर लगांच्या, म्हणजे पट्टा जिथे अडकवतात त्या टोकांच्या, कडा बोटाने चाचपून पाहा. मूळच्या धारदार कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या असतील, तर ती केस, म्हणजे घड्याळाचे बाहेरचे धातूचे कवच, अनेकदा पॉलिश केलेली आहे. आणि मागचे झाकण समोर उघडून दाखवायला जो विक्रेता का-कू करतो, त्याच्या दुकानातून चहा पिऊन परत यावे.

सदाशिव_पेठ_४२मिमी

वरील मताशी मी सहमत आहे, म्हणून राहिलेल्या दोन पर्यायांविषयीच लिहितो. टुडॉर ३९ मिलिमीटरचे आणि ओमेगा ४२ मिलिमीटरचे आहे. परंतु व्यासापेक्षा वरच्या लगाच्या टोकापासून खालच्या लगाच्या टोकापर्यंतची लांबी महत्त्वाची असते, आणि ती टुडॉरमध्ये सुमारे ४८ व ओमेगामध्ये सुमारे ५० मिलिमीटर भरते. आपल्या मनगटाच्या वरच्या सपाट भागाची रुंदी फूटपट्टीने मोजा. लग त्याच्या बाहेर गेले, तर घड्याळ उसने आणल्यासारखे दिसते. (माझे टोपणनाव याच चुकीची आठवण म्हणून ठेवले आहे.)

ओमेगाच्या बाजूने सांगायचे, तर त्याचे ८८०० हे मशीन १५,००० गाऊसपर्यंतचे चुंबकत्व सहन करते आणि दिवसाला शून्य ते अधिक पाच सेकंद या मर्यादेत तपासलेले असते. माझे एक जुने ऑटोमॅटिक रात्री टॅब्लेटच्या चुंबकी कव्हरवर ठेवल्याने दिवसाला चार मिनिटे पुढे धावू लागले होते, आणि लक्ष्मी रस्त्याजवळच्या घड्याळजींनी ते चुंबकत्व उतरवणाऱ्या यंत्रावर धरून दोन क्षणांत सुधारले. टुडॉरमध्येही घड्याळाची गती राखणारी हेअरस्प्रिंग चुंबकाला न जुमानणाऱ्या सिलिकॉनची आहे, त्यामुळे हा मुद्दा निर्णायक मानू नये. शिवाय टुडॉर ७० तास चालते, तर ओमेगा ५५ तास. शुक्रवारी रात्री काढून ठेवलेले टुडॉर सोमवारी सकाळी चालू सापडते, हे सुख लहान नाही. ओमेगाच्या दहाच्या बाजूला हेलियम सोडण्याची झडप आहे. तिचा उपयोग खोल समुद्रात दिवसचे दिवस दाबाखाली राहणाऱ्या गोताखोरांना होतो, आणि खडकवासल्यात उडी मारणाऱ्यालासुद्धा तिची गरज पडणार नाही.

पावती_प्रथम

गुंतवणुकीविषयी एवढेच लिहितो, की २०२१ आणि २०२२ च्या सुरुवातीला वापरलेल्या घड्याळांचे भाव भडकलेले पाहून ज्यांनी उड्या घेतल्या, त्यांना पुढच्याच वर्षी ते उतरलेले पाहावे लागले. शिवाय चढलेले भाव प्रामुख्याने रोलेक्स, पाटेक फिलिप आणि ओडेमार पिगे यांच्या मोजक्या मॉडेलांचे होते. भाव चढेल म्हणून घ्यायचे असेल, तर सोने घ्यावे.

वापरलेले ओमेगा घेतल्यास कार्डावरचा आणि घड्याळावरचा क्रमांक जुळतो का ते पाहा, कारण २०१८ च्या अखेरीपासून ओमेगा पाच वर्षांची वॉरंटी देते आणि आपल्या घड्याळाची तीन वर्षे अजून शिल्लक असावीत. दोन लाखांच्या वरच्या खरेदीला पॅन द्यावा लागतो, आणि दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेणे विक्रेत्याला कायद्याने मना आहे. 'रोख द्या, कमी करतो' असे कोणी म्हणाले, तर त्यात सवलतीपेक्षा अडचणच अधिक आहे. संपूर्ण सर्व्हिसिंगचा दर आजच विचारून ठेवा, कारण ते पाच ते आठ वर्षांतून एकदा करावेच लागते आणि त्या रकमेत चांगले एचएमटी कित्येक येतील.

कोथरूडचा_किल्लीवाला

सर्वांचे मनापासून आभार. आज फूटपट्टी लावली, तर सपाट भाग ४९ मिलिमीटर भरला, त्यामुळे ओमेगाचा प्रश्न माझ्या हातानेच निकालात काढला. कॅम्पातल्या विक्रेत्याकडेही पुन्हा जाऊन आलो. झाकण उघडण्याचा विषय काढताच त्यांनी कारागीर गावाला गेल्याचे सांगितले, चहा मात्र चांगला होता. शनिवारी टुडॉर हातावर घालून पाहणार आहे. भिंग_आणि_चिमटा यांना एकच विचारायचे आहे : वडिलांच्या जनताची डायल पिवळी पडली आहे आणि तीनच्या आकड्याजवळ एक डाग आहे. आपले लिखाण वाचल्यावर ती रंगवून घेण्याचा बेत मी रद्द केला, परंतु नुसते तेलपाणी करून घ्यायचे, तर डायलला हात न लावणारा घड्याळजी पुण्यात आपल्या माहितीत आहे का?

भिंग_आणि_चिमटा

आहे. व्यक्तिगत निरोपात पत्ता पाठवतो. घड्याळ देण्यापूर्वी डायलचा जवळून फोटो काढून ठेवा, आणि 'डायलला हात लावू नये' हे तोंडी न सांगता पावतीवर लिहून घ्या.