शब्दचर्चा: हार्पसिकॉर्डवर ‘मृदू आघात’ होतो का?

मात्रावेलांटी
बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’च्या (एकाच धूनेवरच्या तीस रूपांच्या संग्रहाच्या) हार्पसिकॉर्डवरच्या, म्हणजे पियानोसारख्या पट्ट्यांच्या जुन्या तंतुवाद्यावरच्या, रेकॉर्डिंगबद्दल लिहिताना ‘पंचविसाव्या व्हेरिएशनमधला वादकाचा मृदू आघात’ असं लिहिलं तर चालेल का? शिवाय तीन उपप्रश्न. ‘व्हॉइसिंग’ला जवारी म्हणावं का? सीडीच्या पुस्तिकेत ‘८ फूट, ४ फूट’ असं येतं, त्याचं मराठीत काय करायचं? आणि हार्पसिकॉर्ड तो, ती की ते?

तंतुवाद्य
आघात नको. आघात पियानोत होतो, तिथे हातोडी तारेवर आदळते. हार्पसिकॉर्डात पट्टी दाबली की तिच्या मागच्या टोकावर उभी असलेली बारीक लाकडी पट्टी, म्हणजे जॅक, वर उचलली जाते. जॅकच्या डोक्याशी एक छोटी जीभ बसवलेली असते आणि त्या जिभेत नखी. वर जाताना नखी तारेला छेडते. खाली येताना जीभ मागे झुकते, नखी तारेला जेमतेम चाटून खाली सरकते, जिभेमागची स्प्रिंग (पूर्वी रानडुकराचा राठ केस) जिभेला पुन्हा सरळ करते आणि जॅकला लावलेला लोकरी फेल्टचा तुकडा तारेवर बसून नाद थांबवतो. नखी पूर्वी पिसाच्या दांडीची असे, त्यातही कावळ्याच्या पिसाला मान होता. आता बहुतेक ठिकाणी डेलरिन प्लास्टिक वापरतात. तेव्हा शब्द ‘छेड’.

पट्टीचा_माणूस
तंतुवाद्य, यंत्राचं वर्णन चोख आहे, पण निष्कर्ष पटला नाही. सतारीच्या ‘दा’ आणि ‘रा’ला मराठीत सर्रास मिझराबाचे आघात म्हणतात, आणि तिथेही तार छेडलीच जाते. मग ‘आघात’ शब्दाला हार्पसिकॉर्डच्या दारात का अडवायचं?

या वाक्यातली खरी खोट ‘मृदू’मध्ये आहे. नखी तारेला एका ठरावीक अंतरापर्यंत वर ताणते आणि मग तार निसटते. पट्टी हळू दाबा की जोरात, तार जवळपास तेवढीच ताणली जाते, त्यामुळे आवाजही जवळपास तेवढाच येतो. बोटाच्या वजनाने स्वर लहानमोठा करणं या वाद्याला जमत नाही. फ्रेंच संगीतकार फ्रांस्वा कूपरँने १७१३ सालच्या आपल्या पहिल्या संग्रहाच्या प्रस्तावनेत ही मर्यादा स्वतःच कबूल केली आहे. ‘मृदू’ लिहिलंत की वाचक पियानोच्या कानाने ऐकायला बसतो, त्याला ते मार्दव सापडत नाही आणि तो वाद्यालाच नावं ठेवतो.

तंतुवाद्य
मान्य. ‘आघात’ राहू द्या, ‘मृदू’ जाऊ द्या. मात्र स्पर्शाने काहीच बदलत नाही असं कोणी समजू नये. पट्टी सावकाश दाबली तर नखी तारेला भिडतानाचा खुटखुट आवाज कमी होतो, आणि सोडतानाही तेच.

मात्रावेलांटी
मग पंचविसावं व्हेरिएशन इतकं कोमल वाटतं ते कशामुळे?

पट्टीचा_माणूस
तीन गोष्टी ऐका.

पहिली, कीबोर्डची निवड. १७४१ साली छापलेल्या ‘गोल्डबर्ग’च्या मुखपृष्ठावरच दोन कीबोर्डांचा हार्पसिकॉर्ड सांगितला आहे. पंचविसाव्यावर दोन कीबोर्डांची सूचना आहे, म्हणजे उजव्या हाताचं गाणं एकावर आणि साथीच्या खालच्या दोन ओळी दुसऱ्यावर. मोठा-लहान आवाज इथे जागा बदलून मिळतो. (५, ७ आणि २९ या क्रमांकांवर ‘एक किंवा दोन’ अशी मोकळीक आहे. तिथे दोन वादकांच्या रेकॉर्डिंगची तुलना करण्यात मजा आहे.)

दुसरी, वेळ. महत्त्वाचा स्वर केसभर उशिरा आला की कानाला तो वजनदार वाटतो. संगतीतले (कॉर्डमधले) स्वर एकदम न वाजवता खालून वर उलगडले की सुरुवात मऊ वाटते, आणि सगळे एकदम छेडले की थप्पड बसते. इटालियन संगीतकार फ्रेस्कोबाल्दीने १६१५ च्या तोकातांच्या (मोकळ्या ढंगाच्या कीबोर्ड-रचनांच्या) प्रस्तावनेत आरंभ संथ आणि स्वर उलगडत करायला सांगितलं आहे, वाद्य रिकामं पडू नये म्हणून.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, सोडणं. पट्टी सोडली की फेल्ट बसतो आणि तारेची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, तुटते. पुढचा स्वर लागल्यावरही मागची बोटं धरून ठेवली तर आस आसेत मिसळते. मोठ्या स्वराआधी निमिषभर मोकळी जागा ठेवली, तर तोच स्वर ठसठशीत लागतो. ‘आस’ हा आपला शब्द इथे शंभर टक्के बसतो आणि तो वापरायलाच हवा. कूपरँच्या दुसऱ्या संग्रहातलं ‘ले बारिकाद मिस्तेरियूझ’ लावा. संपूर्ण रचना खर्जाच्या बाजूला, स्वर एकमेकांत अडकवून धरलेले. ते आसेचंच संगीत आहे.

खुंटीपिळ
आता जवारी. नको, अजिबात नको. जवारी घोडीच्या सपाट, किंचित उतरत्या पृष्ठभागावर होते, तार तिथे घासून झणझणते. हार्पसिकॉर्डच्या घोडीवर तार एका नेमक्या कडेवरून जाते, तिथे झणझणाट आला तर तो बिघाड. व्हॉइसिंग म्हणजे नखी तासणं. धारदार चाकूने नखीची खालची बाजू टोकाकडे निमुळती करायची आणि वरची बाजू सपाट ठेवायची. तारेखालून नखी एक मिलिमीटरच्याही आत बाहेर डोकावते, तेवढ्यात सगळा खेळ.

नखी लांब राहिली तर स्वर कर्कश होतो, पट्टी जड लागते आणि परतताना नखी तारेवरच टेकून राहते. मग जॅक खाली बसत नाही, फेल्ट तारेला लागत नाही, स्वर चालूच राहतो आणि पुन्हा दाबल्यावर पट्टी मुकी. आखूड झाली तर कधी छेडते, कधी चुकते. तासताना एक काप जास्त गेला तर परत लावता येत नाही, नवी नखी घालायची. साठएक पट्ट्या आणि जॅकच्या तीन रांगा धरल्या तर एका वाद्यात १८० च्या आसपास नख्या होतात. सगळ्यांचा आवाज एकसारखा करणं म्हणजे व्हॉइसिंग. मराठीत ‘नखी तासून आवाज सारखा करणं’ असं लांबलचक लिहावं लागलं तरी चालेल, चुकीचा जवळचा शब्द नको.

रेकॉर्डिंगमध्ये एखादाच स्वर दरवेळी टोचतो, तो बहुधा वादकाचा दोष नसतो. ती नखी आहे.

पट्टीचा_माणूस
फुटांसाठी आपल्याकडे तयार शब्द आहेत, पेटीवाल्यांना विचारा. ‘खर्ज-नर-मादी’. ८ फूट म्हणजे नर, लिहिल्या जागीच वाजणारा. ४ फूट म्हणजे मादी, सप्तकभर वर. १६ फूट म्हणजे खर्ज, सप्तकभर खाली. हे फूट ऑर्गनच्या नळीवरून आले आहेत, तळच्या ‘सी’ची उघडी नळी साधारण आठ फूट लांब असते. हार्पसिकॉर्डची तार तेवढी नसते, त्यामुळे ‘आठ फुटी तारा’ असं भाषांतर चूक. कपलर तर पेटीवालेही म्हणतातच, फक्त काम वेगळं. पेटीचा कपलर सप्तकापलीकडची पट्टी दाबतो, इथला वरच्या कीबोर्डला खालच्याशी जोडतो.

अठराव्या शतकातल्या मोठ्या फ्रेंच वाद्यात नेहमीचा संच नर-नर-मादी असा असतो. दोन नरांतला वरच्या कीबोर्डचा घोडीच्या अधिक जवळ छेडतो, म्हणून जरा नाकातला. (तारेच्या दोन्ही टोकांना घोडी असते, ही वादकाच्या बाजूची.) खर्जाची रांग त्या काळात क्वचितच. हार्पसिकॉर्डवादक वांदा लांडोव्स्काने १९३३ मध्ये पॅरिसला ‘गोल्डबर्ग’ मुद्रित केलं, ते प्लेयेल कारखान्याच्या लोखंडी चौकटीच्या, पायाने रांगा बदलायच्या आणि खर्ज असलेल्या वाद्यावर. तो गडगडाट विसाव्या शतकाचा आहे. वाईट नाही, पण त्याला ‘बरोक नाद’ (बाखच्या काळाचा नाद) म्हणू नये.

अर्धाकोमा
याच ओघात ‘ल्यूट स्टॉप’ची गफलत सांगून टाकतो. इंग्रजीत ल्यूट स्टॉप म्हणजे घोडीला अगदी चिकटून छेडणारी जॅकची वेगळी रांग, आवाज टोकदार. जर्मनमधला ‘लाउटेनत्सुग’ शब्दशः तोच, पण त्याचा अर्थ तारांना चामड्याचे किंवा फेल्टचे तुकडे टेकवणारी पट्टी, आवाज ठुसठुशीत आणि आस जवळजवळ शून्य. इंग्रजीत याला बफ स्टॉप म्हणतात. पुस्तिका जर्मनमधून इंग्रजीत आणि तिथून मराठीत आली की टोकदारच्या जागी ठुसका नाद बसतो.

आणि बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लाव्हीर’मधल्या ‘वेल-टेम्पर्ड’चं ‘सुस्वभावी’ कोणी करू नका. बाखच्या १७२२ च्या त्या संग्रहात टेम्पर म्हणजे स्वरांतरं थोडी थोडी ढळवून लावणं, आणि ‘क्लाव्हीर’ म्हणजे कोणतंही पट्ट्यांचं वाद्य. ‘समान अंतराने लावलेलं’ हाही अर्थ त्या शब्दात नाही. आजच्या समान वाटपात गंधार षड्जापासून ४०० सेंटवर बसतो (शेजारच्या दोन पट्ट्यांतलं अंतर १०० सेंट). तंबोऱ्याच्या खर्जातून उमटणारा स्वयंभू गंधार ३८६ वर. सतराव्या शतकातल्या रचनांसाठी वापरतात त्या पाव-कोमाच्या मीनटोन लावणीत (स्वर लावण्याच्या एका जुन्या पद्धतीत) आठ पट्ट्यांवरचे गंधार नेमके स्वयंभू मिळतात. किंमत म्हणून जवळपास सगळे पंचम सुमारे साडेपाच सेंटनी उतरतात आणि एक पंचम इतका चढतो की त्याला लांडगाच म्हणतात. फ्रेस्कोबाल्दीच्या रेकॉर्डिंगमध्ये मधेच एखादी संगती आंबट लागली तर पुस्तिकेत लावणी कोणती ते बघा. बहुतेकदा तो आंबटपणा हवा म्हणूनच ठेवलेला असतो.

पट्टीचंही, म्हणजे वाद्य किती उंच लावलंय त्याचंही, तेच. ‘ए ४१५ हर्ट्झ’ म्हणजे पांढरी सहा दाबली की आजच्या हिशेबाने काळी चार ऐकू येते. फ्रेंच रचनांना ३९२ ठेवतात, तेव्हा पांढरी पाच.

मात्रावेलांटी
अलंकारांना कण, मुरकी, खटका लावले तर?

अर्धाकोमा
जपून. ‘अपोज्जातुरा’ला (मुख्य स्वराआधी टेकणाऱ्या शेजारच्या स्वराला) कण म्हणणं मोह पाडतं, पण कण निसटता असतो. बरोकमधला हा पाहुणा मात्रेवर बसतो, मुख्य स्वराचा वेळ खातो आणि वजनही घेतो. फ्रेंच धाटणीची ट्रिल (शेजारच्या दोन स्वरांची झपाझप आलटापालट) वरच्या स्वरापासून सुरू होते. बाखने १७२० साली थोरल्या मुलासाठी सुरू केलेल्या वहीत अलंकारांचा छोटा तक्ता आहे, तिथेही तेच. ‘ट्रिल’ ट्रिलच ठेवा. मींड मात्र या वाद्यात नाहीच, कुठेही लिहू नका. स्वर लागल्यावर हलवता येतो तो क्लाव्हिकॉर्डवर, या वाद्याच्या धाकट्या भावंडावर. तिथे पितळी पाती दाब असेपर्यंत तारेला टेकलेली असते, म्हणून ‘आंदोलन’ शोभतं.

खुंटीपिळ
विषय शब्दांचा आहे, पण ‘कर्कश’ हा शब्द या रेकॉर्डिंगांबद्दल फार वापरला जातो, आणि त्याचं कारण अनेकदा आवाजाचं बटण असतं. खरा हार्पसिकॉर्ड पियानोपेक्षा बराच हळू. मुद्रणात मात्र पातळी पियानोइतकीच चढवतात. सगळ्या रांगा जोडलेला भाग लावून, शेजारी बोलणाऱ्याचं नीट ऐकू येईल इतका आवाज उतरवा, मग सुरुवातीपासून ऐका. दुसरं कारण फाइल. नखीची छेड एका क्षणात उसळते. एमपी३ची चौकट ११५२ नमुन्यांची, म्हणजे सीडीच्या दराने सुमारे २६ मिलिसेकंदांची. तीत आकुंचनाचा (फाइल लहान करताना येणारा) खरखराट छेडेच्या आधीच थोडा पसरतो. १२८ किलोबिटला छेड पिठाळ लागते. एफएलएसी, म्हणजे आवाजातलं काहीच न गाळणारी फाइल, घ्या.

तंतुवाद्य
लिंग राहिलंच. पियानो तो, व्हायोलिन ते, गिटार ती, पेटी ती. नपुंसकलिंग ‘वाद्य’वरून येतं, पुल्लिंग पियानोवरून. दोन्ही चालतील, एका लेखात एकच.

मात्रावेलांटी
मी ‘तो’ घेते. वाक्य असं केलं: ‘पंचविसाव्या व्हेरिएशनमध्ये वादक वरचा स्वर केसभर उशिरा छेडतो आणि खालचे दोन आवाज दुसऱ्या कीबोर्डवर आस न तोडता धरून ठेवतो.’

पट्टीचा_माणूस
‘खालचे दोन आवाज’ वाचून कोणाला व्हॉल्यूम वाटेल. ‘खालच्या दोन ओळी’ करा. आणि ‘उशिरा’ लिहिण्याआधी त्या रेकॉर्डिंगमध्ये ते तसंच आहे ना, ते ऐकून घ्या. काही वादक डावा हात मागे ठेवतात.