मदत हवी आहे : उघड्यावर राहणाऱ्या कुटुंबांतल्या तान्ह्यांना दिवसभर काय द्यावं?

छप्पर नसलेल्या 14 कुटुंबांना रोज संध्याकाळी गरम जेवण पोचतं. मोठ्यांचं त्यावर निभतं. अडतं ते 6 महिने ते 2 वर्षांच्या मुलांपाशी. 8 किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण 240 मिली मावतं, म्हणून त्याला दिवसातून 3-4 वेळा भरवावंच लागतं.

कोरडा शिधा देऊन पाहिला. चूल नसल्याने तो विकला गेला. (त्यात त्यांचा दोष नाही, शिजवणार कुठे?) भुकटी दिली, पण ती कालवायला चांगलं पाणी नाही, मुलांना जुलाब झाले. शिजवलेलं डब्यात ठेवलं, तर ते 60 अंशांखाली उतरलं की 2 तासांत खराब व्हायची भीती. कुपोषित मुलांसाठी पाकिटात मिळणाऱ्या 92 ग्रॅमच्या तयार पेस्टला पाणी लागत नाही, ती टिकतेही. पण भावंडांत वाटली जाते. फाडलेल्या पाकिटाच्या कडा तिघं चाटत होती, बाळाच्या वाट्याला बोटभर आली.

मुलांचा दंडघेर (दंडाचा घेर, त्यावरून कुपोषण कळतं) दर पंधरवड्याला मोजला जातो. 115 मिमीखालच्या, म्हणजे तीव्र कुपोषित मुलांना लगेच दवाखान्यात पाठवतो. प्रश्न 115 ते 125 मधल्यांचा, म्हणजे मध्यम कुपोषितांचा आहे. स्तनपान चालू आहे. वीज, फ्रिज, कुलपाची जागा यांपैकी काहीच नाही. सकाळी एक फेरी वाढवता येईल, दोन नाही.

ज्यांनी असं काम केलंय त्यांनी सांगा : भावंडांना वेगळं खाणं दिल्यावर बाळाचा वाटा बाळालाच पोचला का, की सकाळच्या फेरीत समोर बसवूनच भरवावं लागलं?