आधी मातीचं बघा, झाडं नंतर

वर कुणीतरी 'बंद कारखाने पाडा, झाडं लावा, झालं शहर हिरवं' असं म्हटलंय. इतकं सोपं नाही हो ते. पाडायलाही पैसा लागतो, आणि खालच्या विषारी मातीचं काय?

जर्मनीत डुइसबुर्ग शहरातला एक लोखंडाचा कारखाना १९८५ साली बंद पडला. तिथे उद्यान करताना लँडस्केप आर्किटेक्ट पीटर लात्झ यांनी झोतभट्ट्या (खनिजापासून लोखंड काढायच्या भट्ट्या) तशाच ठेवल्या. सगळ्यात घातक माती कारखान्याच्या जुन्या बंकरांत (कच्चा माल साठवायच्या कोठारांत) कायमची बंद केली. सांडपाण्याचा नाला जमिनीखालच्या पाइपात घातला, त्यावरून पावसाच्या पाण्याचा ओढा काढला. गॅसच्या अवाढव्य टाकीत पाणी भरलंय, लोक तिथे चक्क स्कूबा डायव्हिंग करतात!

गेलेल्या नोकऱ्या मात्र उद्यानाने परत आणल्या नाहीत. डुइसबुर्गमधली बेकारी अजूनही जर्मनीच्या सरासरीपेक्षा बरीच जास्त आहे.