डायकर हाइट्सला गाडी नेऊ नका

वर विचारलंय की न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या डायकर हाइट्समधली नाताळची रोषणाई गाडीतूनच पाहावी का. मी म्हणेन, अजिबात नको. मुख्य घरं 83 ते 86 व्या रस्त्यांच्या आणि 11 ते 13 व्या अ‍ॅव्हेन्यूंच्या मधल्या पट्ट्यात आहेत. एवढं अंतर आरामात चालून होतं. गाडीत बसलात तर पुढच्या गाडीचे लाल दिवेच बघत बसाल. सबवेच्या (शहरी रेल्वेच्या) डी गाडीने 79 व्या रस्त्याच्या स्टेशनवर उतरा आणि चालत या.

ही प्रथा 1980 च्या दशकात इथल्या एका बाईंच्या घरापासून सुरू झाली असं मानतात. मूळची वस्ती बरीचशी इटालियन वंशाची. आता पुष्कळ जण सजावटीचं काम व्यावसायिकांना देतात म्हणून कुणीतरी वर नाराजी दाखवली आहे. ती मला पटत नाही. पैसे, वीजबिल आणि महिनाभर दारासमोरची गर्दी घरमालकच सोसतात, आणि तुम्हाआम्हाला तिकीट नसतं! आम्ही गेलो तेव्हा माणसापेक्षा उंच लाकडी सैनिकांसमोर माझी मुलगी हलायलाच तयार नव्हती. तो चेहरा मी विसरणार नाही.

एवढ्या दिव्यांनी वीज वाया जाते असं कुणी म्हणेल, त्याबद्दल: जुना मोठा रंगीत बल्ब सात वॅटचा असे, एलईडी जेमतेम एक वॅट घेतो.

अंधार पडल्याबरोबर पोहोचा, रात्री नऊनंतर बरेच दिवे मालवतात. आणि कृपया कुणाच्या अंगणात शिरून फोटो काढू नका, तिथे माणसं राहतात.